माजघरातली रेल्वे

पहिल्या नोकरीच्या गावी ज्यांच्याकडे मी भाड्याने राहिले, त्या काकांनी खोली देताना मला तीन अटी घातल्या होत्या. तिन्हीसांजेनंतर विहिरीवर जायचं नाही. मागच्या पडवीत कपडे वाळत घालायचे नाहीत. आणि दर रविवारी दुपारी चार वाजता माजघरात रेल्वेच्या प्रगतीचा अहवाल ऐकायला हजर राहायचं. पहिल्या दोन अटी मला लगेच कळल्या. तिसरी कळायला रविवार उजाडावा लागला.

जिल्हा तेव्हा नुकताच झाला होता. नव्या कचेऱ्या, नवी टेबलं आणि जुन्या फायली. मी कोल्हापूरहून त्यातल्याच एका कचेरीत कनिष्ठ लिपिक म्हणून आले आणि कसालला खोली घेतली. रेल्वे जिल्ह्यात औषधालाही नव्हती. गाडीत बसायचं तर घाट चढून कोल्हापूरला जा, नाहीतर खाली गोव्यात. 'रेल्वे येणार' ही बातमी मात्र दर निवडणुकीला अगदी वेळेवर यायची. लोक ती ऐकून शेतावर जायचे. काकांनी तेवढी वाट बघितली नाही. त्यांनी कणकवली ते कुडाळ असा मार्ग स्वतःच बांधायला घेतला होता, आणि तो बांधायला त्यांना जागा मिळाली ती काकींच्या माजघरात.

काका भूमापन खात्यातून निवृत्त झालेले मोजणीदार. उंच, वाळलेले, अंगात बाह्या नसलेली बंडी, कानावर पेन्सिल. छत्तीस वर्षं त्यांनी लोकांच्या जमिनी मोजल्या आणि प्रत्येक मोजणीमागे निदान एक माणूस कायमचा दुखावला. याचा त्यांना केवढा अभिमान. 'अंदाज' या शब्दावर त्यांचा राग होता. भाजीत मीठ अंदाजाने घातलं, असं काकींनी म्हटलं की ते ताट तसंच ठेवून त्यांच्याकडे पाहत राहायचे. घावणा पानात पडला की आधी खिशातली फुटपट्टी काढायची. "साडेसात. काल पावणेआठ होतो." मग खायचा. त्यांचं आवडतं वाक्य त्यांनी मला पहिल्याच दिवशी ऐकवलं, काकी समोर बसलेल्या असताना: "अंदाजान लगीन करूचा. रूळ घालूचे नाय." काकी नारळ खवत होत्या. त्या खवत राहिल्या.

माजघरात एका भिंतीपासून दुसऱ्या भिंतीपर्यंत फळ्या टाकून त्यावर आख्खा मुलूख उभा केला होता. कागदाच्या लगद्याचे डोंगर, त्यावर चिऱ्याची भुकटी, म्हणून सगळे डोंगर आपल्या मातीच्या रंगाचे. बांबूच्या चोयांचे स्लीपर. आणि रूळ छत्रीच्या काड्यांचे. कोकणात मोडक्या छत्र्यांना तोटा नाही, पण काकांनी पंचक्रोशीतल्या इतक्या छत्र्या गोळा केल्या होत्या की काही लोकांना आपली छत्री मोडली नव्हती अशी शंका यायची.

गाडी वेगळीच. तिची चाकं सावंतवाडीच्या एका चिताऱ्याकडून कातून आणली होती. तो बिचारा लाकडी आंबे आणि केळी करणारा माणूस. त्याला केसभर फरकाने चाकं परत पाठवणारं गिऱ्हाईक आयुष्यात पहिल्यांदाच भेटलं. डबे बिस्किटांच्या पत्र्याचे, आत काड्यापेटीच्या काड्यांची बाकं, खिडक्यांना तारेचे गज. संडासाच्या खिडकीला धुरकट काच हवी म्हणून काकींच्या टॉनिकची बाटली फुटली. टॉनिक निम्मं शिल्लक होतं. इंजिनात बंद पडलेल्या टेपरेकॉर्डरची मोटर, आणि ती चालायची टॉर्चच्या सेलवर. चालायची, असं ऐकून होते. मार्ग पुरा होऊन तपासणी झाल्याशिवाय गाडी सोडायची नाही असा नियम होता. नियम करणारे तेच, तपासणारेही तेच. त्यामुळे गाडी फडक्याखाली झाकून असायची, आणि रविवारी फडकं काढून आम्हाला दाखवून पुन्हा झाकली जायची.

श्रोते तिघे. मी, काकी, आणि समोरच्या घरातले निवृत्त शाळामास्तर. मास्तरांना ऐकू येत नसे, म्हणून तिघांत तेच सर्वांत मन लावून ऐकत. एरवी घरात मालवणी बोलणारे काका अहवालाला उभे राहिले की कचेरीतले होऊन जात. "गत सप्ताहात मार्गाची प्रगती सात इंच. गड नदीवरील पुलाचा तिसरा खांब उभा. बुधवारी पुलावर मांजर निजल्याने एक कमान खचली. चौकशी केली असता मांजर घरचेच असल्याचे निष्पन्न झाले." शेवटी चष्मा कपाळावर सरकवून विचारायचे, "कोणाच्या काही हरकती?" काकींची हरकत ठरलेली असे, आणि ती मालवणीत असे. "माझी कोकमाची सोलां खंय सुकत घालू? तुमच्या बोगद्यात?" ती हरकत दर रविवारी नोंदली जायची आणि दर रविवारी फेटाळली जायची.

मी एकदाच हरकत घेतली. नवीन होते. विचारलं की काका, तुमचा एक डबा आख्ख्या कसाल बाजारापेक्षा लांब आहे, हे कसं? ते बराच वेळ डब्याकडे पाहत राहिले, मग बाजाराकडे. म्हणाले, मार्गाचं माप वेगळं आणि गाडीचं माप वेगळं, हे तांत्रिक आहे. पुढचे दोन रविवार ते माझ्याशी बोलले नाहीत. अहवालाला मात्र यावंच लागलं. अट ती अट.

डब्यांची मापं त्यांना खरी हवी होती, म्हणून एका मे महिन्यात ते माझ्याबरोबर कोल्हापूरला आले. काकीही आल्या. दोघं माझ्या आईकडे उतरली. सकाळी स्टेशनावर उभ्या गाडीच्या डब्याला काकांनी फीत लावली, आणि दुसरं टोक माझ्या हातात दिलं. माझ्या शाळेतल्या दोन मैत्रिणी त्याच प्लॅटफॉर्मवर होत्या. त्यांनी मला ओळखलं, आणि मी त्यांना ओळखलं नाही. एका तिकीट तपासनिसाने येऊन अदबीने विचारलं, आपण रेल्वेचे का? काका म्हणाले, "अद्याप नाही." तो माणूस बरा होता, पुढच्या डब्याकडे गेला. तेवढ्यात काकी डब्यात चढून, बाकावर बसून, खाली उतरून आल्या होत्या. त्यांनी हळूच विचारलं, "तुमच्या डब्यांका पायऱ्यो खंय आसत? माणसां चढतली कशी?"

पाच डबे, दोन वर्षांचं काम, आणि एकालाही पायरी नव्हती. पुढच्या अहवालात "प्रत्यक्ष पाहणीअंती पायऱ्यांची आवश्यकता आमच्या निदर्शनास आली" असं वाक्य आलं. काकी नारळ खवत होत्या.

हे असंच चालू राहिलं असतं. पण त्या वर्षी वर्तमानपत्रात रेल्वेचं पुन्हा काही छापून आलं, आणि त्याच सुमारास बाजारातला एक दुकानदार मुलीच्या लग्नाचं आमंत्रण द्यायला घरी आला. त्याने माजघर पाहिलं. डोंगर पाहिले, नदी पाहिली, प्रत्येक वाडी जागच्या जागी पाहिली, आणि मधून गेलेली छत्रीची काडी पाहिली. तो आमंत्रण हातात तसंच घेऊन परत गेला. संध्याकाळपर्यंत बाजारात झालं की लाइन ठरली. म्हातारा जमिनीच्या खात्यातला, त्याच्याकडे आतले नकाशे असणारच, तो उगाच का करील?

मग लोक येऊ लागले. त्यांना अहवाल ऐकायचा नसे, फक्त आपली जागा बघायची असे. बोट ठेवून विचारायचे, हे माझं घर ना? काका सांगायचे, घर नाही, गोठा. घर अर्धा इंच पलीकडे. आणि त्या माणसाचा चेहरा खुलायचा किंवा पडायचा. काजूवाला म्हणायचा, थोडी वर घ्या. दुकानदाराला स्टेशन स्वतःच्या दारात हवं होतं. काका एकाचंही ऐकायचे नाहीत. हे खेळणं आहे, सरकारशी याचा काही संबंध नाही, हे त्यांनी पहिल्या दिवसापासून सगळ्यांना सांगितलं. ते ऐकून लोकांची खात्रीच पटली.

काका पुढच्या दाराने नकार द्यायचे तेव्हा मागच्या दारी काकी फणस उतरवून घेत असायच्या. "सांगतंय मी तेंका," असं प्रत्येकाला म्हणायच्या. फणस आले, सुके बांगडे आले, एकाने कोंबडा आणला. काकींनी काकांना एका शब्दाने काही सांगितलं नाही. मी विचारलं तर म्हणाल्या, इतकी वर्सां माजघर दिलंय, तेचा कायतरी नको? कोंबड्याचा रस्सा काकांनी पोटभर खाल्ला. कुठून आला, हे त्यांनी विचारलं नाही. या एका बाबतीत त्यांची चौकशी नेहमीच अपुरी असे.

आणि मग एका गुरुवारी धाकटे आले.

काकांचे धाकटे भाऊ शेजारीच राहत, मधे फक्त गडगा, कमरेएवढी चिऱ्याची भिंत. पण अकरा वर्षं दोघं बोलत नव्हते. वडील गेल्यावर वाटणीची मोजणी काकांनी स्वतः केली होती. कागदाबरहुकूम हद्द काढली, तर जुनी विहीर दीड हाताने काकांच्या बाजूला आली. धाकटे म्हणाले होते, दादा, हद्द विहिरीवरून ने, दोघांना पाणी होईल. काका म्हणाले होते, "मोजणीच्या साखळीक सख्खो भाव नसता." धाकट्यांनी पलीकडे वेगळी विहीर खणली आणि बोलणं टाकलं. हे मला काकींनी सांगितलं होतं. काकांनी या विषयावर कधी अहवाल दिला नाही.

धाकटे उंबऱ्यात उभे राहिले. काका स्लीपर चिकटवत होते, त्यांनी मान वर केली आणि पुन्हा खाली घातली. धाकटे आत आले, फळ्यांच्या कडेने चालत गेले आणि स्वतःच्या घरापाशी थांबले. त्यांच्या घरामागे हापूसची कलमबाग होती. काकांनी एकेका कलमासाठी हिरव्या स्पंजाचा बारका गोळा लावला होता, आणि रूळ त्या बागेतून सरळ गेला होता. धाकट्यांनी बोटाने गोळे मोजले. एकदा मोजले, पुन्हा मोजले.

"एकोणचाळीस," ते म्हणाले. "एक कलम वादळात मेला. तुका कसा कळला?"

"गडग्यावरसून दिसता," काका म्हणाले.

मला वाटलं, आता झालं, आता चहा ठेवावा. काकी उठल्याही होत्या. पण धाकट्यांनी रुळावर बोट ठेवलं.

"दादा, ही खरी रेल्वे न्हय. खेळण्यातली आसा. ती तरी सरकय."

काकांनी चष्मा पुसला. मग कचेरीतल्या आवाजात सांगू लागले की एका अंगाला नदी, दुसऱ्या अंगाला टेकाड, टेकाड चाळीस फूट उंच, दीडशे फुटांना एक फूट याहून जास्त चढ गाडीला चालत नाही, त्यामुळे बागेवाचून मार्ग नाही, नाइलाज आहे. मास्तरांना समजवावं तसं सांगत होते. धाकट्यांनी सगळं ऐकून घेतलं.

"चाळीस फूट," ते म्हणाले. "टेकाड माझ्या हद्दीत आसा. अकरा वर्सां तुझो पाय माझ्या हद्दीत लागूक नाय. मोजलंस कधी?"

धाकटे आले तसे निघून गेले. मी काकांकडे पाहिलं नाही. आपण रोज ज्याची मनातल्या मनात टिंगल करतो, तो माणूस एकदम असा उघडा पडला की बघवत नाही, हे मला तेव्हा कळलं. हाताला लागलेला डिंक वाळेपर्यंत ते तसेच बसून होते.

त्या रविवारी अहवाल झाला नाही. मास्तर वेळेवर येऊन बसले. चार वाजले, साडेचार झाले. काकींनी त्यांना खुणेने सांगितलं की आज नाही. मास्तर खूप छान झालं असं म्हणून घरी गेले.

सोमवारी मी कचेरीला निघाले तर काकांनी माझ्या हातात एक पाकीट दिलं. पत्ता गडग्यापलीकडचा. आत सरकारी नमुन्यातली नोटीस होती, त्यांच्या वळणदार अक्षरात. आपल्या हद्दीतील टेकडीची उंची मोजणे आहे, तरी येत्या रविवारी सकाळी आठ वाजता आपण जातीने अगर प्रतिनिधीमार्फत हजर राहावे, हरकत असल्यास लेखी कळवावे. तीस पावलांवर पोचवायला टपाल म्हणून मी. हाक मारली असती तरी ऐकू गेलं असतं, पण हे त्यांना सांगण्यात अर्थ नव्हता. धाकट्यांनी नोटीस उभ्यानेच वाचली, माझ्याकडून पेन मागून घेतलं आणि खाली लिहिलं, "हजर राहीन." अक्षर हुबेहूब थोरल्यासारखं.

रविवारी काका गडगा ओलांडून गेले. पातळी बघायची पाणसळ, एक सरळ फळी आणि आकडे लिहिलेली पट्टी, एवढं सामान. पायरी पायरीने टेकाड चढत उंची घ्यायची. धाकट्यांनी पट्टी धरली, मी वही. चार तासांत दोघं भाऊ आकड्यांपलीकडे काही बोलले नाहीत. थोरला म्हणायचा, "तीन, दोन." धाकटा म्हणायचा, "तीन, दोन." चढावर एकदा काकांचा पाय घसरला तेव्हा धाकट्यांनी त्यांचा दंड पकडला आणि पुढच्या आकड्यापर्यंत सोडला नाही. माथ्यावर पोचून काकांनी बेरीज केली. पुन्हा केली. वही माझ्यापुढे धरली, मीही केली.

एकोणतीस फूट. टेकाड काकांनी धरलं होतं त्याहून अकरा फुटांनी ठेंगणं होतं. म्हणजे ते कापून रूळ सरळ नेता येत होता, आणि कलमबागेला धक्का लागत नव्हता. धाकट्यांनी हुश्श केलं. काका मात्र माथ्यावरून दुसऱ्या अंगाला बघत होते. मीही बघितलं. सरळ नेलेला रूळ खाली उतरणार होता तो आमच्या घरावर.

संध्याकाळी चारला अहवाल झाला. श्रोत्यांत धाकटे होते, मास्तरांच्या शेजारी. काका उभे राहिले. "मार्गात दुरुस्ती. टेकडीची उंची मोजणीविना अंदाजाने धरण्यात आली होती. चूक मोजणीदाराची. कलमबाग अबाधित. राहते घर बाधित, तपशील : माजघर, स्वयंपाकघर व भाडेकरूची खोली." मग चष्मा कपाळावर गेला. "कोणाच्या काही हरकती?"

"माझी चूल गेली?" काकींनी विचारलं.

"गेली."

धाकटे म्हणाले, "घर तेवढा वगळून घे मरे, दादा."

काकांनी ती हरकत नोंदली आणि फेटाळली. दुसऱ्या दिवशी त्यांनी तीन फूट मार्ग उखडला आणि नवा घातला. फळ्यांवरच्या स्वतःच्या घराचं पत्र्याचं छप्पर त्यांनी कात्रीने कापलं. कौलांच्या ओळी त्यावर त्यांनी एकेक रंगवल्या होत्या.

ही बातमी बाजारात गेली आणि जी शंका घेणारी चार माणसं उरली होती त्यांचीही शंका गेली. जो माणूस स्वतःच्या चुलीवरून लाइन नेतो, तो खोटं कशाला करील? फणस दुप्पट झाले. त्या दुकानदाराने तर 'रेल्वे स्टेशनसमोर' अशी पाटी रंगवून दुकानावर लावली. समोर भाताचा मळा होता.

माझी बदली व्हायच्या थोडं आधी खरी माणसं आली. जीपगाडी, दुर्बीण, लाल-पांढऱ्या काठ्या. त्यांनी खुंट्या ठोकल्या त्या भलत्याच बाजूला, कोसभर लांब. काकांच्या मार्गात आणि त्यांच्या मार्गात एक इंचही सामाईक नव्हता. बाजारात लोक काकांवर हसले, मग रागावले, आणि मग आपल्या फणसांची आठवण काढू लागले. काकी दोन दिवस मागच्या दारी फिरकल्या नाहीत.

काका खुंट्या बघायला चालत गेले. धाकटे बरोबर होते. दोघं दुपार टळून परत आले. काकींना धास्ती होती की हे आता फळ्याच मोडून टाकतील, म्हणून त्यांनी सुरमईची आमटी केली होती. काका नीट जेवले. मग हात धुऊन पुढच्या पायरीवर बसले. धाकटे खालच्या पायरीवर. मी दारात होते.

शेवटी धाकट्यांनी विषय काढला. "सरकारची रेल्वे तर तिकडसून गेली, दादा. आता काय करतलंस?"

काकांनी कानावरची पेन्सिल काढली, तिचं टोक बघितलं.

"गेली मां तिकडसून," ते म्हणाले. "म्हणजे हंयची आमची आमकाच बांधूक होयी. फाल्या सकाळी लवकर ये."